एका माणसाची पेज

इस्पितळाच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर नऊ वस्तू होत्या: भरडलेलं धान्य, सुकवलेला पाला, मीठ, तेल, लसणाच्या दोन पाकळ्या, तांब्याभर पाणी, छोटं पातेलं, पळी आणि वजनकाटा. मावशीने पातेलं उचलून उलटं केलं आणि त्याच्या बुडावर टिचकी मारली.

"यात काय, भातुकली मांडायची आहे?"

"एका माणसाचं प्रमाण लागतं, मावशी. फॉर्मवर तसंच आहे," आहारतज्ज्ञ मुलगी म्हणाली आणि काटा शून्यावर आणला.

मावशीला स्वयंपाक कुणी शिकवला नव्हता. धरणाचं पाणी चढलं तेव्हा वरची सहा गावं खाली वसाहतीत आली. पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस जणांचं रांधायला कुणीतरी हवं होतं, आणि ती पुढे झाली. मग घरोघर म्हाताऱ्या बायकांना विचारत, करपवत, खारट करत ती शिकली. तीस वर्षांत त्या गावांचे एकशे बारा पदार्थ तिने वहीत उतरवले. गेली सहा वर्षं ती या इस्पितळाचे जिने एकाच मागणीसाठी चढत होती: आमची माणसं इथलं अन्न तोंडात घेत नाहीत, त्यांना त्यांचं द्या. समितीने शेवटी एक संधी दिली होती. एक रुग्ण, एक वाटी. निम्मी संपली तर पेज आहाराच्या यादीत जाईल. नाही संपली तर विषय बंद.

रुग्ण मावशीनेच सुचवला होता. तिची मोठी बहीण, दुसऱ्या मजल्यावर. चार दिवसांत चहाशिवाय काही घेतलं नव्हतं.

मुलीने चाळीस जणांच्या मापाला चाळीसने भागलं आणि तेवढं तेवढं तोलून दिलं. पंधरा मिनिटांत पातेल्यात लगदा उरला, खालून करपलेला.

"भागाकार बरोबर आहे," मुलगी म्हणाली.

"तुझा बरोबर आहे गं. वाफेला भागाकार येत नाही, त्याला तू काय करणार?"

मुलीने वाकून पातेल्यात पाहिलं. पेज थोडी, पातेल्याचं तोंड रुंद. "खरंच की," ती स्वतःशीच म्हणाली. "पाणी जास्त घ्यायला हवं. किती घ्यायचं?"

"मला नको विचारूस. एकाचं मी कधी केलंच नाही."

"मग घरी काय करता?"

"शेडमधलं उरलेलं नेते." मावशीने पातेलं नळाखाली धरलं. ते स्वच्छ झालं तरी नळ बराच वेळ चालू होता.

दुसऱ्यांदा तिने पाणी थोडं थोडं ओतलं आणि मुलीने प्रत्येक वेळचं तोलून लिहिलं. पेज पळीवरून सलग उतरली तेव्हा मावशीने आच बंद केली. वाटी वगळून तीनशे ग्रॅम भरली.

"म्हणजे दीडशे संपायला हवी," मुलगी म्हणाली.

"वाढणारीला सांगून ठेव, मी केलंय म्हणून बोलू नको म्हणावं."

"का?"

"अख्ख्या वसाहतीने माझ्या हातचं खाल्लं. ताईने नाही. 'तुला शिकवलं कुणी?' म्हणते आणि ताट सरकवते."

"मग त्यांचंच नाव कशाला दिलंत?"

मावशी वाटीवर झाकण बसवत राहिली. ते पहिल्या खेपेलाच नीट बसलं होतं.

जेवणाच्या वेळी नातेवाइकांना आत सोडत नसत. मावशी बाहेरच्या बाकावर बसली. समोरच्या भिंतीवर हात धुण्याचे सहा टप्पे चित्रांत दाखवले होते. ते तिने तीनदा वाचले. अर्ध्या तासाने वाढणारी ट्रे घेऊन आली.

"मी काही बोलले नाही हो," ती म्हणाली. "त्यांनीच झाकण काढलं, वास घेतला. 'धाकटी आली होती का?' म्हणाल्या. मग भिंतीकडे तोंड करून झोपल्या. उठवलं, पण नाही."

"काही पाठवलंय का सांगून?"

"नाही." वाढणारीने ट्रे बाकावर ठेवला. "मॅडम फोनवर आहेत, येतीलच. मला वरच्या मजल्याचं बघायचंय."

तिची पावलं जिन्यात विरली. वाटी काठोकाठ होती, चमचा कोरडा.

मावशीने कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मग ट्रे मांडीवर ओढला. पेज गार झाली होती, मीठ बरोबर होतं. तिने घाई केली नाही. कुणी पानावर बसवून वाढल्यासारखी ती पाठ ताठ ठेवून एकेक चमचा खात राहिली.

मुलगी काटा घेऊन आली तेव्हा ट्रे बाकावर होता आणि मावशी पदराने ओठ टिपत होती. मुलीने पदराकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं. काटा बाकावर ठेवून तिने तो शून्यावर आणला, वाटी त्यावर ठेवली, वाटीचं वजन वजा केलं आणि रकान्यात लिहिलं.

शिल्लक: १४२ ग्रॅम.