होडीवाल्याची गाडी

आमच्या बाबांची गाडी सव्वीस वर्षांची आहे आणि तिला कुणी नावं ठेवली, तर बाबा जेवत नाहीत. या पावसाळ्यात मात्र तिने पेट्रोल घेणंच सोडलं. पंपावरची नळी टाकीत घातली, जरासं पेट्रोल गेलं, की खट्! नळी आपोआप बंद. पुन्हा दाबा, पुन्हा खट्! मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून जीव घ्यायचे आणि बाबा खिडकीतून मान काढून म्हणायचे, "हळू भर रे. म्हातारी आहे ती."

डोंबिवलीतले पंप झाले, कल्याणचे झाले. सगळीकडे तेच. शेवटी माझा धाकटा भाऊ ऋतुराज वैतागला. तो घोडबंदर रोडला नव्या टॉवरात राहतो आणि तिथून आम्हाला फोनवर सल्ले देतो.

"टाकीच गेलीय. आंबिवलीचा भंगारवाला रविवारी गाडी न्यायला येतोय. मीपण येतो," तो म्हणाला. "बाबा, तुमच्याने आता गाडीची निगा होत नाही."

हे शेवटचं वाक्य बाबांना लागलं. मलाही लागलं. माझा राग नाकावर असतो; मी त्याला दोन शब्द सुनावले. पण आईची पंचाईत खरी होती. तिचे गुडघे गेलेत, स्टेशनचे जिने तिला चढवत नाहीत. खडवलीला तिची बहीण गोदामावशी असते, तिच्याकडे आई जाते ती याच गाडीतून.

"गाडी गेली, तर मी कसली जातेय गोदाकडे," आई म्हणाली आणि आत जाऊन भांडी आपटू लागली.

शनिवारी मी माहेरी आले. आईने मला तेल बाटलीत ओतायला बसवलं. नरसाळं बाटलीच्या तोंडात घट्ट बसलं होतं. तेल वरच तुंबलं, खाली उतरेना. मी नरसाळं जरा उचललं, तशी आतली हवा बुडबुडत बाहेर आली आणि तेल सरसर खाली गेलं. मी तिथेच ओरडले, "बाबा! टाकीतली हवा कुठून बाहेर जाते?"

बाबा टॉर्च घेऊन निघाले. आम्ही दोघं गोणपाट अंथरून गाडीखाली आडवे झालो. मागच्या चाकाजवळ, टाकीच्या तोंडाकडून येणारी एक बारीक नळी होती. तिच्या टोकाला चिंधीचा बोळा कोंबलेला आणि वरून काळा रंग फासलेला.

"कोणत्या गाढवाने केलं हे?" मी म्हणाले.

बाबांनी टॉर्च दुसरीकडे वळवला. मग मला आठवलं. बाबांचा जन्म होडीवाल्यांच्या घरातला. पावसाआधी होडी उलटी करायची, दिसेल ते भोक बुजवायचं, वर रंग फासायचा. डोंबिवलीत आल्यापासून ते दर मे महिन्यात गाडीलाही खालून असाच रंग देतात. यंदा त्यांना ही उघडी नळी दिसली असणार.

"होडीत भोक दिसलं की हात थांबत नाही गो," ते हळूच म्हणाले.

मला हसू आवरेना. पण त्यांचा चेहरा पाहून मी ते गिळलं. 'निगा होत नाही' म्हणायला ऋतुराजला हेच तर हवं होतं.

"कुंभारीण माशीने नळीत मातीचं घर केलेलं, असं सांगू त्याला," मी म्हणाले. बाबांनी चिमट्याने बोळा ओढून काढला, नळीत फुंकर मारून पाहिली.

रविवारी ऋतुराज आला. मी तोंड उघडणार, एवढ्यात बाबाच म्हणाले, "नळी मी बुजवलेली. बोळा काढला पण मीच. चल पंपावर, मग काय ते ठरव."

आईसकट आम्ही सगळे पंपावर गेलो. पंपाची नळी टाकीत गेली. पेट्रोल जात राहिलं, आकडे पळत राहिले, आम्ही श्वास रोखून उभे. खट् झालं ते थेट टाकी काठोकाठ भरल्यावर! आईने टाळ्याच वाजवल्या.

तेवढ्यात भंगारवाल्याचा फोन आला. ऋतुराजने बाबांकडे पाहिलं. बाबा टाकीचं झाकण लावत होते, नेहमीसारखं दोनदा दाबून.

"नाही हो, येऊ नका," ऋतुराज म्हणाला. "गाडी कामाला निघालीय." आई आणि मी गाडीत बसलो, तसा तोही फोन ठेवून मागच्या सीटवर माझ्या शेजारी येऊन बसला.

"बाबा, खडवलीला घ्या," तो म्हणाला, "आणि तुमच्याबद्दल बोललो ते चुकलं माझं."

बाबांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, आरसा नीट केला आणि गाडी काढली.