मांजराचं पान

आमच्या करंजाड्याच्या शाळेत दर फेब्रुवारीत वाचन दिन असतो. सिनियर केजीच्या प्रत्येक मुलाला महिनाभर आधी इंग्रजी पुस्तकातलं एकेक पान वाटायचं, ते घोकून घ्यायचं आणि पालकांसमोर घडाघडा म्हणवून घ्यायचं. याला आम्ही वाचन म्हणतो. बारा वर्षं मीही हेच करत आले, म्हणून पहिला राग स्वतःचाच येतो.

यंदा वर्गात मोनाली होती. उरणहून मासळी आणून पनवेलच्या बाजारात विकणाऱ्या गुणाबाईंची नात. तिला पान पाठच होईना, कारण ती ते खरोखर वाचायची. अक्षराखाली बोट ठेवायचं, त्याचा आवाज काढायचा, पुढच्या आवाजाला जोडायचा. एका ओळीला दोन मिनिटं. मोठ्या मॅडमनी तिला कार्यक्रमातून काढलं आणि कार्डावर लिहिलं, 'वाचनात कच्ची, पुन्हा सिनियर केजी.' खाली वर्गशिक्षिका म्हणून माझी सही हवी होती. पोरीचं वर्ष घालवू नका म्हणून गुणाबाई माझ्या हातापाया पडल्या.

कार्यक्रमात पहिली पाळी निनादची. माझं डोकं फिरलेलंच होतं. त्याचं पान मांजराचं. मुलाचं पान मागच्या मोठ्या पडद्यावर दाखवायचं काम माझं; मी तिथे जहाजाचं लावलं. पठ्ठ्याने जहाजाकडे हात करत मांजराची चारही वाक्यं म्हणून टाकली. त्याचा काय दोष, घोकून आम्हीच घेतलेलं. पण टाळ्या काय पडल्या! सगळे मोबाइलवर शूटिंग करण्यात दंग, पडद्याकडे बघतो कोण?

मग मी मोनालीला वर बोलावलं. जहाजाचं हे पान तिने कधी पाहिलं नव्हतं. पडद्यापाशी जाऊन तिने पहिल्या अक्षराखाली बोट टेकवलं. आवाज सुटे निघाले, अडखळले, जुळले. चार शब्दांचं वाक्य पुरं होईपर्यंत अर्धे पालक घड्याळ बघायला लागले. टाळी एकही नाही.

गुणाबाईंनी मला दारात गाठलं. "बाय, माजी पोर चुकली का?"

"नाही. लिहिलं होतं तेच तिने वाचलं."

"आनि त्या पोरानं?"

"त्याने दुसरंच म्हटलं."

"मंग टाळ्या त्याला कशाला?"

तेवढ्यात मोठ्या मॅडम कार्ड घेऊन आल्या. मी त्यांच्या ओळीवर काट मारली, 'हिला वाचता येतं' असं लिहिलं आणि सही केली. हे चालणार नाही, असं त्या म्हणाल्या.

"मग उद्या नवं पुस्तक आणा," मी म्हटलं, "आणि सगळ्या वर्गाला वाचायला लावा. जो वाचेल तो पहिलीत."

ते पुस्तक अजून आलेलं नाही. मोनाली पहिलीत बसते.