पोटातला कालचा कोबी

माझा थोरला भाऊ अँब्रोस मासेमारी सोडून घरी बसला, तेव्हा त्याच्या अंगात मधुमेह मुरून वीस वर्षं झाली होती. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या आमच्या गावात रविवारी घरोघरी एकच जेवण: खारवलेलं गोमांस, कोबी, गाजर, सलगम, सगळं एका पातेल्यात उकडलेलं. ते आपल्याइतकं चांगलं कुणालाच जमत नाही, असं फिलोमिनावहिनी स्वतःच सांगते, आणि ते खरं आहे.

त्या हिवाळ्यात अँब्रोस चार घासांतच ताट सरकवायला लागला. पोट फुगायचं, मळमळायचं.

"माझ्या हाताची चव गेली म्हण ना सरळ," वहिनी म्हणायची.

मग एका सोमवारी संध्याकाळी त्याला उलटी झाली. वहिनीनं मला शेजारून हाक मारली आणि बादली दाखवली.

"मोनिका, हा कोबी बघ. कालचा. जसाच्या तसा."

सेंट जॉन्सच्या इस्पितळात त्याला किंचित किरणोत्सर्गी औषध घातलेलं अंडं खायला दिलं आणि पोटाच्या प्रतिमा काढत राहिले. चार तासांनीही निम्मं अंडं पोटातच.

"वाट कुठे बंद नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण जठर हलवणारी नस साखरेनं दुबळी झालीय."

"बरं होईल?" अँब्रोसनं विचारलं.

"काहींना हे विषाणूच्या आजारानंतर होतं, ते बहुतेक वर्ष-दोन वर्षांत सुधारतात. काहींचं कारणच सापडत नाही. तुमचं पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. पण साखर सांभाळून थोडं थोडं, मऊ, कमी चरबीचं खाल्लंत, तर पुष्कळ वर्षं नीट काढता येतील."

वहिनी हळूच म्हणाली, "माझ्या कोबीनं झालं का हे?"

"नाही हो. फक्त आता तो त्यांना झेपायचा नाही."

तरी पुढच्या रविवारी तिनं पातेलं काढलंच नाही. मुलगा-सून आले, त्यांच्यापुढे ब्रेड ठेवला.

"मी आजारी आहे, मेलो नाही," अँब्रोस म्हणाला. "पोरांना का उपाशी ठेवतेस?"

"तुझ्यासमोर आम्ही कसं जेवायचं?"

"तोंडानं."

मला हसू फुटलं. थोड्या वेळानं वहिनीही हसली, डोळे पुसत.

तेव्हापासून त्याची वाटी वेगळी: गाजर-सलगम घोटून, कॉड मासा मऊ उकडून, दिवसातून सहा वेळा. इन्सुलिनच्या वेळाही डॉक्टरीणबाईंनी बदलल्या. पुढच्या हिवाळ्यात त्याचं पुन्हा बिघडलं, पोटात पाणीसुद्धा ठरेना. आठ दिवस सलाईनवर होता; अन्न थेट आतड्यात सोडायला नळी घालायची गोष्ट निघाली. आधी नको म्हणाला, मग म्हणाला, "लागली तर लागली." सुदैवानं लागली नाही.

याला चार वर्षं झाली. वाईट आठवडे येतात, जातात. जेवण खाली उतरावं म्हणून तो आणि वहिनी बंदराच्या धक्क्यापर्यंत चालत जातात. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण ही दोघं कधी अशी एकत्र फिरली नव्हती.

"नवं लग्न झालंय का रे?" धक्क्यावरचे लोक चिडवतात.

"हो," अँब्रोस म्हणतो, "बायको तीच आहे."