रिस्लुंदांचं एकमत

जगाचा इतिहास आमच्या कागदावर लिहिला जाईल.

हे वाक्य रिस्लुंद कागद कारखान्याच्या फाटकावर वीतभर उंचीच्या अक्षरांत कोरलेलं आहे. मान्फ्रेद रिस्लुंदने ते कोरून घेतलं तेव्हा कारखान्यात एकाच जातीचा कागद निघत असे, आणि तो किनाऱ्यावरचे कोळी खारवलेले हेरिंग मासे गुंडाळायला नेत. इतिहास आला तो नंतर, आणि त्यालाही सुरुवातीची काही वर्षं थोडा वास येत असे.

पण घराणं चिवट. मान्फ्रेदचा मुलगा तूरे याने नदीवर बांध घालून वीज आणली, मासळीचा कागद सोडून वर्तमानपत्रांचा कागद धरला आणि तोडलेल्या प्रत्येक झाडाच्या जागी रोप लावायचा नियम केला. लोक हसले. म्हणाले, हे झाड तोडायला येईल तेव्हा तू कुठे असशील? तूरे म्हणाला, मी नसेन, कुऱ्हाड असेल. तूरेचा मुलगा हाल्वार याने मोठं यंत्र आणलं, आणि एके काळी अर्ध्या स्वीडनची सकाळची कॉफी रिस्लुंदांच्या कागदावर सांडत असे. मग लोक बातम्या फोनवर वाचायला लागले. फोनवर कॉफी सांडायला कुणी तयार होईना, आणि कारखान्याला दर वर्षी थोडी थोडी धाप लागू लागली.

अशा वेळी हाल्वारची मुलगी सिगब्रित हिच्याकडे कारभार आला. सिगब्रितने दोन वर्षं डोकं खाजवून उत्तर काढलं, पुठ्ठा. माणसं वर्तमानपत्राशिवाय जगू शकतात, पण घरबसल्या बूट मागवतात आणि त्या बुटाला खोका लागतो. फिनलंडमध्ये जाड पुठ्ठ्याचं नवं यंत्र तयार होतं. ते ठेवायला लांबलचक हॉल हवा होता आणि कारखान्याला लागून सपाट, कोरडी अशी एकच जागा होती, नदीकाठची विंदोसची राई. आजोबा तूरेने लावलेली स्प्रूसची सूचिपर्णी झाडं तिथे उभी होती, सरळ, दाट, तोडणीचं वय होऊन गेलेली. यंत्रवाल्यांनी सांगून टाकलं होतं, की सप्टेंबर संपायच्या आत होकार द्या, नाही तर दक्षिणेतला दुसरा कारखाना टपून बसलाच आहे. यंत्र तिकडे गेलं असतं तर इथे राहिला असता जुना कागद, मग निम्मे कामगार, मग बिनमुलांची शाळा, आणि शेवटी एक फाटक, ज्यावर इतिहासाबद्दल काहीतरी कोरलेलं आहे.

अडचण एकच होती. घरच्या राईला हात लावायचा तर कुटुंबातल्या सगळ्या भागधारकांचं एकमत लागतं, असा मान्फ्रेदचा नियम होता. भागधारक चार. सिगब्रित, तिचे वडील हाल्वार, आत्या गुन्वोर आणि आत्याचा मुलगा अल्रिक. चार माणसांचं एकमत व्हायला काय लागतं, असं ज्याला वाटतं त्याने स्वीडिश माणसांची बैठक पाहिलेली नाही. तिथे कुणी नाही म्हणत नाही. तिथे म्हणतात, जरा विचार करू या. मग कॉफी येते.

पहिल्या बैठकीत हाल्वार म्हणाला की ही झाडं आपल्या बापाने स्वतःच्या हातांनी लावली आहेत, आणि बोलता बोलता त्याचा आवाज असा भरून आला की सगळ्यांनी बशीतल्या दालचिनीच्या बनपावाकडे पाहिलं. दुसऱ्या बैठकीत गुन्वोर आत्याने काळ्या सुतारपक्ष्याचा प्रश्न काढला. राईत एक जोडी घरटं करून आहे, म्हणाली, आणि त्यांना कोण विचारणार? आत्याला पक्ष्यांचं एवढं प्रेम आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या मांजरालाही नसावं. तिसऱ्या बैठकीला योतेबोरी शहरातून खास आलेला अल्रिक अर्धा तास बोलला. तो विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवतो, त्यामुळे अर्ध्या तासात विषयाला हात घालायची त्याला सवय नाही. पण सूर असा होता की न जन्मलेल्या पिढ्यांनाही या राईत मत आहे. सिगब्रितने नोंद केली, न जन्मलेल्यांचं मत मिळालेलं नाही, पुन्हा भेटू.

आणि प्रत्येक वेळी बैठक पुढे ढकलली की सिगब्रितला आतून हायसं वाटायचं. त्याचीच तिला लाज वाटत होती.

कारण असं होतं. विंदोसच्या राईत, दोन मोठ्या शिळांच्या मागे, शेवाळाने मढलेल्या एका उतारावर दर शरदात पिवळी अळंबी उगवत असे. थोडीथोडकी नाही, कुणी सोन्याची नाणी उधळावीत तशी. ती जागा सिगब्रितला सोळाव्या वर्षी सापडली होती आणि तिने ती जगात कुणालाही सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही. नवरा चांगला होता, पण घटस्फोट झाला तेव्हा तिला पहिला विचार आला तो हाच, की बरं झालं, सांगितलं नाही.

यात तिचं काही जगावेगळं नव्हतं. त्या मुलखात शेजाऱ्याची मिळकत किती हे सरकारी कचेरीत फोन करून विचारता येतं, आणि कचेरी सांगतेही. पण शेजाऱ्याला त्याची अळंबीची जागा विचारणं म्हणजे त्याच्या न्हाणीघरात डोकावणं. जंगल कुणाचंही असो, त्यातली रानफळं आणि अळंबी वेचायचा हक्क सगळ्यांना आहे. त्यामुळे राईची मालकीण असूनही सिगब्रितपाशी अळंबी राखायचा उपाय एकच होता, तोंड बंद ठेवणं. आणि आता ती रोज आरशात बघून स्वतःला सांगत होती, की तिकडे बाबा आपल्या बापाला आठवतात, आत्या पाखरांसाठी झुरते, अल्रिक पुढच्या शंभर वर्षांचा विचार करतो, आणि तू, कारखान्याची प्रमुख, लोण्यात परतलेल्या एका ताटलीसाठी गावाचं भविष्य टांगून ठेवतेस.

महिना संपत आला तेव्हा तिने ठरवलं. सोमवारी शेवटची बैठक. त्यात आपण स्पष्ट होकार द्यायचा आणि बाकीच्यांकडून मागायचाही, मग कॉफी कितीही वेळा येवो. पण त्याआधी रविवारी सकाळी जाऊन त्या उताराचा निरोप घ्यायचा. निरोपाला टोपली लागत नाही. तिने टोपली घेतली.

पहाटेचं धुकं नदीवरून राईत शिरलं होतं. वाटेवर नेहमीची पाटी होती, ‘धोका, झाडं कोसळतात’. ती बाबांच्या वेळेपासूनची. सिगब्रित स्वतः दर वसंतात तिला नवा रंग देववीत असे, सुरक्षेच्या दृष्टीने. शिळांना वळसा घालून ती उतारावर आली आणि थांबली. शेवाळावर एक माणूस गुडघे टेकून बसला होता.

“बाबा?”

हाल्वार दचकला, पण वळला सावकाश. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते एकच झेपतं.

“जमीन बघतोय,” तो म्हणाला. “हॉलचा पाया पेलेल की नाही ते.”

“हातात ब्रश आहे तुमच्या.”

“माती नाजूक आहे इथली.”

सिगब्रितने टोपली पाठीमागे धरली. वडिलांनी तिची टोपली पाहिली आणि पाहिली नाही असं केलं, आणि तिनेही झाडाच्या बुंध्याआड ठेवलेली त्यांची टोपली तशीच पाहिली नाही. दोघं हवेबद्दल बोलू लागले. धुकं दाट आहे यावर त्यांचं लगेच एकमत झालं. राईबाबत झालेलं हे पहिलंच.

एवढ्यात वरच्या अंगाने फांदी मोडल्याचा आवाज आला आणि गुन्वोर आत्या अवतरली. गळ्यात दुर्बीण, काखेत शालीखाली काहीतरी गोल.

“श्शू,” आत्या म्हणाली, “सुतारपक्षी.”

“कुठे?” हाल्वारने विचारलं.

“उडाला. तुझ्यामुळे.”

तिघांनीही वर पाहिलं. धुक्यात कुणीतरी शीळ घालत येत होतं. शीळ एकदम थांबली. अल्रिक दोन शिळांच्या मधून बाहेर आला, त्याने तिघांकडे पाहिलं आणि हातातली कापडी पिशवी घडी करून खिशात घालायचा प्रयत्न केला. पिशवी मोठी होती. न जन्मलेल्या पिढ्यांनाही पुरेल एवढी.

शांतता पडली. त्या मुलखात शांतता हा संभाषणाचाच एक भाग असतो, पण हा भाग फारच लांबला. शेवटी गुन्वोर आत्याला राहवलं नाही.

“म्हणजे तुम्ही होतात ते,” ती म्हणाली. “आणि मी इतकी वर्षं त्या बिचाऱ्या एवर्टला चोर समजत आले. त्याच्या बायकोच्या अंत्यविधीला केक नेला नाही मी.”

एवर्ट म्हणजे पलीकडचा शेजारी. त्याला अळंबी पचत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. आत्याला ते त्याने मुद्दाम पसरवलेलं वाटत होतं.

“मला वाटायचं, रात्री बिळातून येऊन बिज्जू खातो,” अल्रिक म्हणाला.

“बिज्जू सुरीने देठ कापतो?”

“मला वाटलं फार व्यवस्थित बिज्जू आहे.”

“आणि ती पाटी?” सिगब्रितने वडिलांना विचारलं. “इथे एकही झाड कधी कोसळलेलं नाही.”

“कोसळू शकतं,” हाल्वार म्हणाला. “पण तू तिला दर वर्षी रंग का देत होतीस?”

सिगब्रितला हसू आलं. आधी नाकातून, मग आवरेना. आत्या शाल तोंडाला लावून हसू लागली, अल्रिक शिळेवर बसला आणि हाल्वार हसता हसता खोकायला लागला, तेव्हा त्याच्या पाठीत दोन धपाटे घालावे लागले. महिनाभर तीन बैठकांत त्या चौघांनी एकमेकांना केवढं मोठं समजलं होतं. आता सगळे आपापल्या मापाचे झाले, आणि बरंच सोपं वाटू लागलं.

मग सिगब्रितने टोपली खाली ठेवली.

“मी निरोप घ्यायला आले होते,” ती म्हणाली. “उद्या मी होकार देणार आहे. यंत्र गेलं तर मागून दुसरं येणार नाही. मला विंदोसमध्ये अळंबी हवीच आहे. पण शाळेत पोरं जास्त हवी आहेत.”

आत्याने उताराकडे पाहिलं. धुकं विरळ होत होतं आणि शेवाळातून पिवळे ठिपके वर येत होते. ती म्हणाली की गावातच राहणारा तिचा नातू दोन वर्षांनी शाळेत जाईल, आणि त्याला शहरात धाडायचं तिच्या जिवावर येतं. शिवाय सुतारपक्षी तिने एकदाच पाहिला होता, तोही कॅलेंडरवर. अल्रिकने नीतिशास्त्र काढायला तोंड उघडलं, आईने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने ‘मंजूर’ एवढं म्हणून ते मिटलं. त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात आटोपशीर व्याख्यान.

राहिला हाल्वार. तो उठला, एका स्प्रूसला तळहात लावून उभा राहिला. सिगब्रित त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बाबा जरा विचार करू या म्हणाले, तर संपलंच.

“ही झाडं माझ्या बापाने कारखान्यासाठी लावली,” तो म्हणाला. “अळंबी त्याने लावली नव्हती. ती आपल्याला वरून फुकट मिळाली. बापाला कळलं असतं ना, की त्याची झाडं आपण भाजीसाठी राखून ठेवली आहेत, तर त्याने आपल्या चौघांना नदीत ढकललं असतं. घ्या तोडायला. माझा हो.”

आवाज पहिल्या बैठकीत भरून आला होता तसा भरून आला नाही. म्हणूनच सिगब्रितला तो खरा वाटला. तिने वडिलांचा हात धरला. त्यांच्या घराण्यात हात धरणं म्हणजे बरंच झालं.

चौघांनी मिळून उतार वेचला. पहिल्यांदाच तीन टोपल्या आणि एक पिशवी एका जागी आल्या आणि अळंबी एवढी निघाली की कुणी इतकी वर्षं कुणाचं काय चोरलं हा प्रश्नच उरला नाही. कोणत्या झाडाची पहिली फळी काढायची आणि ती हॉलच्या दारात कुठे लावायची, यावर अल्रिक आणि आत्या भांडू लागले. ऊन बुंध्यांमधून तिरकं आत आलं. सिगब्रित डोळ्यांनी हॉलची लांबी आखत होती. त्या टोकाला ओंडके आत येतील, या टोकाला पुठ्ठा बाहेर पडेल, पुन्हा तीन पाळ्या सुरू होतील, आणि आणखी चाळीस वर्षांनी कुणी दुसरीच मुलगी इथे उभी राहून ठरवेल, आता पुढे काय. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, बाबांसारखा मोठ्या मनाचा माणूस या कारखान्याने पाहिला नाही. आयुष्यभराची जागा सोडताना त्यांनी क्षणभरही घासाघीस केली नव्हती.

तिने ते त्यांना सांगितलंही. हाल्वार नुसता हसला, सुरीच्या मुठीला लावलेला अळंबीची माती झाडायचा ब्रश झटकला, टोपली उचलली आणि नदीपलीकडच्या बर्चच्या झाडीकडे एकदा पाहिलं.

“ते राहू दे,” तो म्हणाला. “तुम्ही सगळे जरा तिकडे तोंड करून उभे राहा. मी पूल ओलांडून जाईपर्यंत मागे वळून बघू नका.”