घाटमाथ्यावरची चावी

भाविकाने टर्बोची तेलाची नळी जुन्या वर्तमानपत्रावर उभी धरली आणि पान्ह्याने दोन टिचक्या मारल्या. नळीतून तेलाचा निदान एखादा ओघळ तरी यायला हवा होता. पडले ते काळे, कडक कण, करपलेल्या मोहरीसारखे.

"हाई देखा," ती म्हणाली. "तेल जयीसन कोयसा व्हयेल शे. टर्बोले तेलच नव्हतं भेटत, मंग तो टिकी कसा?"

चार डोकी कागदावर वाकली. गाडी ज्याची, तो हिलाल मात्र जागचा हलला नाही. त्याने खिशातून रुमाल काढला आणि स्वच्छच असलेले हात पुन्हा पुसायला घेतले.

तळोद्याच्या बाहेर, धर्मेंद्रच्या पपईच्या शेडमध्ये दर रविवारी हे मंडळ जमायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं नाव 'तापी टर्बो मंडळ'. धर्मेंद्रचं गावात औषधांचं दुकान, पण जीव सगळा गाड्यांत. भाविका शहाद्याला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवायची आणि उरलेल्या वेळात या हौशी मोठ्या माणसांना. बाकी एक तलाठी, एक शाळामास्तर, असेच लोक. ज्यांना गाडी पोटासाठी लागत नाही त्यांनाच गाडीची एवढी आवड परवडते, असं हिलालचं सुरुवातीला ठाम मत होतं. त्याची स्वतःची गाडी पोटासाठीच होती. अक्कलकुवा ते मोलगी, देवगोईचा घाट, दिवसाला दोन खेपा, अशी तीस वर्षं गेली होती.

इंजिन बंद पडलं तेव्हा गॅरेजवाल्याने हात वर केले होते. "नवंच टाकनं पडी," एवढं बोलून तो दुसऱ्या गाडीखाली शिरला. त्याच आठवड्यात धर्मेंद्रचा फोन आला, की इंजिन आमच्या शेडमध्ये आणा, आपण सगळे मिळून उघडू. हिलाल आला तो संशय बरोबर घेऊनच. पण पाच रविवारांत संशय कुठे गळून पडला त्यालाही कळलं नाही. पिस्टन निघाले, रिंगा नव्या आल्या, हेड नंदुरबारहून घासून आलं. हिलाल स्क्रूड्रायव्हरचं टोक मंडळातल्या इतरांच्या गाड्यांच्या इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आतली खडखड नेमकी कुठली ते सांगायचा, तेव्हा भाविकासुद्धा वहीत लिहून घ्यायची. तीस वर्षं लोकांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता, गाडी कधी सुटणार? इथे सगळे त्याला 'नाना' म्हणत आणि विचारत, नाना, असं का होतं? ते त्याला फार आवडायला लागलं होतं. रविवारी सकाळी तो दाढी करूनच निघायचा.

"नाना," भाविकाने मान वर करून विचारलं, "गाडी बंद करानं पहिले इंजिन कितला येळ चालू ठेवतस तुम्ही? चढ चढीसन उना का टर्बो लाल तपेल ऱ्हास. लगेच बंद कयं ते तेल तठेच थांबस नी जयस."

हिलालला प्रश्न कळला, आणि त्याचं उत्तरही त्याच क्षणी कळलं.

देवगोईचा घाट चढून गेलं की माथ्यावर देवीचं छोटं देऊळ आहे. त्या वाटेवरचा प्रत्येक जीपवाला तिथे हात जोडतो आणि त्याच हाताने चावी बंद करतो. देवीसमोर इंजिन गुरगुरत न्यायचं नाही, हा मान. पुढे उतार, गाडी आपोआप घरंगळते, डिझेलही वाचतं. मान देवीला आणि लाभ आपल्याला, त्यामुळे ही रीत कोणी मोडली नव्हती. जुन्या जीपला टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा तो तापट पंखा, नव्हता, तिला या रीतीचं काही वाटलं नाही. पण दीड वर्षापूर्वी घेतलेली ही गाडी टर्बोची होती, आणि हिलालने तिलाही रोज दोनदा, ऐन तापलेली असताना, देवीपुढे गप्प केलं होतं.

"ठेवस ना," तो म्हणाला. "दोन मिनिट तरी ठेवस."

"मंग ते मगनभाईनंच काम," धर्मेंद्रने कागदाची घडी घातली. "त्यासनीच पहिले खराब करेल व्हती. लोके म्हनतस ते काही खोटं नही."

भाविकाने नळी पुसून बाजूला ठेवली. हिलालच्या कानात मात्र ते नाव घुमत राहिलं.

मगनभाई म्हणजे सारंगखेड्याचा केळीवाला. जुन्या जीपा आणायच्या, हाताने नीट करायच्या आणि डोंगरातल्या ड्रायव्हरांना द्यायच्या, हा त्याचा छंद. हे मंडळही त्यानेच सुरू केलेलं. हिलालने गाडी घेतली ती त्याच्याकडूनच. आणि होळीनंतरच्या एका बाजाराच्या दिवशी मोलगीला पोचल्यावर हिलालने चावी फिरवली, तर इंजिन बंदच होईना. चावी हातात, आणि इंजिन टर्बोतून गळणारं आपलंच तेल पीत किंचाळत सुटलेलं! पांढऱ्या धुराने सगळा बाजार भरला. आमचूरच्या गोण्या टाकून माणसं पळाली. हिलालने वरचा गियर टाकला, ब्रेक दाबून क्लच सोडला, तेव्हा धाडकन ते मेलं. भीती होतीच. चारचौघांत झालेली शोभा त्याहून जड झाली होती, आणि ती कुणाच्या तरी डोक्यावर टाकायलाच हवी होती.

"मगननी मले सडेल गाडी दिधी!" तो भर बाजारात ओरडला. एकदा नाही, चारदा. त्या दिवसापासून डोंगरातल्या एकाही माणसाने मगनभाईच्या दारात पाऊल टाकलं नाही.

सोमवारी दुपारी घरी हिलालच्या बायकोने, रुक्मिणीबाईने, कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकरी वाढली, वर ठेचा ठेवला. हिलाल भाकरीचे तुकडे करत बसला होता, खात नव्हता.

"काय व्हयनं? भाकरी ग्वाड नही लागी ऱ्हायनी का?"

"त्या पोरनी विचारं, गाडी बंद करानं पहिले कितला येळ चालू ठेवतस."

"मंग तुम्ही काय सांगं?"

"दोन मिनिट."

रुक्मिणीबाईला हसू आवरेना. "दोन मिनिट! मी काय तुम्हना संगे मोलगीले उनू नही का? देवीनं देऊळ दिसनं का तुम्हना हात चावीवर. देवीले हात जोडापहिले चावी बंद!" मग नवऱ्याचा चेहरा पाहून तिचं हसू थांबलं. "म्हंजे गाडी तुम्हनाच हातखाल खराब व्हयनी?"

हिलालने मान हलवली.

"नी नाव मगनभाईनं खराब व्हयनं."

"मी खरं सांगं ते त्या लोके काय म्हनतीन? तीस वरीसना डायवर, नी गाडी बंद करता येस नही! आज नाना म्हनतस. उद्या दारमा उभं करावूत नहीत."

"ते म्हनतीन ते म्हनतीन," ती म्हणाली. "तो मानूस दीड महिनापाईन बाजारले जास नही. त्यानी बायको सांगी ऱ्हायंती मले. तुमले भाकरी ग्वाड नही लागस ना? त्याले बी नही लागत व्हई."

एवढं बोलून ती पाणी आणायला उठली. तिने ना आवाज चढवला, ना पुन्हा तो विषय काढला. आवाज चढवला असता तर हिलालला भांडता तरी आलं असतं.

पुढच्या रविवारी इंजिन गाडीत बसलं होतं. टर्बोचा आतला भाग नवा आला होता, नळीही नवी. भाविकाने तेल भरलं. धर्मेंद्रने बॉनेटला हार घातला आणि नारळ हिलालच्या हातात दिला. तलाठ्याने मोबाइल उभा धरून व्हिडिओ सुरू केला.

हिलाल नारळ घेऊन दगडापाशी वाकला. तिथेच थांबला.

"आयका," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "मी त्या दिवशी खोटं बोलनू. दोन मिनिट नही, मी एक मिनिट बी गाडी चालू ठेवी नही. घाट चढनू का देवीजोडे चावी बंद. दीड वरीस, रोज दोन खेप. हाई इंजिन मगनभाईनी नही, मी मारेल शे."

तलाठ्याने मोबाइल खाली घेतला. धर्मेंद्रची मान खाली गेली, कारण मगनभाईचं नाव गेल्या रविवारी त्याच्याच तोंडून निघालं होतं.

"मले माहीत व्हतं, नाना," भाविका म्हणाली. "त्या कण देखात तवयच समजनं."

"मंग बोलनी काब्र नहीस?"

"मी बोलनू असतू ते तुमले पकडं असं व्हतं. तुम्ही सांगं, ते येगयं शे." ती थोडी थांबली. "आजून एक सांगस. तुमले मंडळमा बलावानं कोणी सांगं, माहीत शे? मगनभाईनी. धर्मेंद्रभाऊले फोन करीसन म्हने, त्यानं इंजिन नीट करी द्या, तो मानूस रोज लोकेसले डोंगरमा लई जास. नी, 'मी दिसनू ते तो येवाव नही', आसं म्हनीसन मगनभाई स्वतःच मंडळमा येनं बंद व्हयनात."

हिलाल शेजारच्या डब्यावर बसला. डोळे भरून आले तेव्हा त्याने ते लपवले नाहीत; लपवायला आता काही उरलंच नव्हतं. कोणी तरी पाण्याचा तांब्या पुढे केला. मग धर्मेंद्रच म्हणाला, "नाना, नारय फोडा. इंजिननं काय चुकनं त्यामा?" आणि सगळे हसले, हिलालही.

चौथ्या दमात इंजिन लागलं. आधी खोकलं, मग एक सरळ, भरलेला आवाज शेडभर पसरला. हिलालने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला आणि डोळे मिटले. आत कुठेच खडखड नव्हती. त्याला कोणी दाराबाहेर काढलं नव्हतं. पण मोलगीच्या बाजारात तो जे ओरडला होता ते या शेडमध्ये बोलून पुसलं जाणार नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बाजाराच्या दिवशी सकाळी तो सारंगखेड्याला मगनभाईच्या मळ्यावर गेला. मगनभाई केळीचे घड मोजून गाडीत लावून घेत होता. साठीचा, बारीक अंगाचा माणूस. त्याने आधी जीपकडे पाहिलं, मग हिलालकडे.

"आवाज ग्वाड शे," तो म्हणाला.

"चला, मोलगीले."

"काब्र?"

"जठे बोलनू, तठेच सांगनं पडी."

"ऱ्हाऊ दे रे. लोके भूली गयात व्हतीन."

"नही भूलनात, भाई. मी बी नही भूलनू."

मगनभाईने घडांकडे पाहिलं, गड्याला दोन सूचना दिल्या आणि डोक्यावर टोपी चढवून पुढच्या सीटवर येऊन बसला. गाडी घाट चढून गेली. माथ्यावर हिलालने गाडी बाजूला घेतली. हात सवयीने चावीकडे गेला. त्याने तो मागे घेतला, दुसऱ्या हाताशी जोडला आणि चालू इंजिनाच्या आवाजातच देवीची माफी मागितली. मगनभाई समोरच्या दरीत बघत होता, पण त्याने सगळं पाहिलं होतं.

मोलगीचा बाजार भरात होता. हिलालने गाडी त्याच जागी उभी केली, दोन मिनिटं चालू ठेवली, मग बंद केली. तो पायरीवर चढला. तीस वर्षांत शिकलेल्या तिथल्या बोलीत त्याने हाका मारून लोक गोळा केले. होळीनंतर मी इथे मगनभाईला चोर ठरवलं होतं, तो म्हणाला. ते खोटं होतं. गाडी चांगली होती. घाटावर चावी बंद करून मीच ती मारली.

कोणी तरी खी खी हसलं. आमचूर विकणारी दगूबाई मोठ्याने म्हणाली की बाप्या माणसाच्या तोंडून असलं आज पहिल्यांदा ऐकते आहे. हिलालचे कान तापले, तरी तो पायरीवरून उतरला नाही. मगनभाई सीटवरच बसून होता, मांडीवरची टोपी दोन्ही हातांनी धरून. त्याची नजर वर होत नव्हती.

मग गर्दीतून दिवाल्या पुढे आला. तो त्याच वाटेवरचा जीपवाला, हिलालपेक्षा दहा वर्षांनी लहान. तो हिलालपाशी थांबलाच नाही. सरळ जीपमध्ये मगनभाई बसला होता त्या बाजूला गेला.

"भाई, तुम्हनाजोडे आजून एखादी गाडी शे का? टर्बोवाली?"

मगनभाईने टोपी डोक्यावर चढवली. "शे ना," तो म्हणाला. "पन पहिले चालाडाले शिकनं पडी. ये, देख." तो खाली उतरला, बॉनेट उचललं आणि टर्बोकडे बोट दाखवून बोलायला लागला. आणखी दोन ड्रायव्हर आले, मग चौघे. प्रत्येकाला आपापल्या गाडीचं काही तरी विचारायचं होतं, आणि घाटावर चावी तर सगळ्यांनीच बंद केलेली होती.

हिलाल दोन चहा घेऊन आला तोवर गाडीभोवती माणसांची भिंत झाली होती. मधून मगनभाईचा आवाज येत होता, चढलेला, घाईत असलेला, मधूनच हसणारा. हिलाल एका हातात आपला आणि दुसऱ्या हातात त्याचा चहा धरून बाहेरच उभा राहिला. चहा निवत चालला होता. त्याने हाक मारली नाही.