तोरणाखालची झडती

पोळ्याच्या दिवशी सकाळी सुवर्णा पुरण वाटत होती आणि मारुतीच्या देवळावरचा भोंगा ओरडत होता. "आज संध्याकाळी तोरण तोडायला आपले लाडके खासदार उत्तमरावजी भाऊसाहेब येऊन राह्यले. तरी सगळ्यांनी बैलजोड्या सजवून टायमावर आणाव्या." सुवर्णाचा हात पाट्यावर थांबला. ज्या माणसावर तिनं उन्हाळ्यापासून डूख धरला होता, तो आज आपल्या पायांनी गावात येत होता. बोकड स्वतःच खाटकाच्या दारात येऊन उभा राहिला तर खाटकाला जे वाटेल, ते सुवर्णाला वाटलं, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

तिची मुलगी पुष्पांजली, घरात सगळ्यांची पुष्पी, ओसरीवर सरपटत बैलांच्या झुलीला हात लावत होती. जन्मताना तिला श्वास उशिरा आला, मेंदूला मार बसला, आणि पाय काठीसारखे ताठ राहिले. पोरीची अक्कल मात्र दोघांना वाटून उरेल एवढी. बोलणं ओढत यायचं, पण जे बोलायची ते नेमकं लागायचं.

तालुक्याच्या गावी अशा लेकरांसाठी एक सेंटर होतं. चालवायचं राज्य, पण पैसा यायचा दिल्लीच्या आरोग्य खात्यातून. तिथला व्यायाम शिकवणारा संघपाल सर फरशीवर रंगीत खुणा चिकटवायचा आणि म्हणायचा, "पुष्पांजली, लाल खुणेवर पाय. आता पिवळ्या." नजरेला खूण मिळाली की पोरीचा पाय बरोबर पडायचा. तशी ती दांड्याला धरून भिंतीपर्यंत जायला लागली होती. पहिल्यांदा भिंतीला हात लावला तेव्हा तिनं भिंतीचाच मुका घेतला होता.

मग कळलं, की दिल्लीच्या पैशाची मुदत मार्चला संपते, आणि कोणी संसदेत तोंड उघडलं नाही तर ती वाढायची नाही. सगळे आईबाप मिळून उत्तमरावांच्या बंगल्यावर गेले. उत्तमराव राज्यसभेवर गेलेले. लोकांनी त्यांना कधी निवडून दिलं नव्हतं, तरी लोकांचा कैवार त्यांनाच भारी. त्यांनी पुष्पीला मांडीवर घेतलं, फोटो काढून घेतला आणि म्हणाले, "हा प्रश्न मी सभागृहात मांडतो. लेकराइले शब्द हाय माहा."

अधिवेशन सुरू झालं. सुवर्णा मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून रोज बघायची. एक दिवस उत्तमराव उठले. तिनं पुष्पीला ओढून जवळ घेतलं. उत्तमराव बोलले, हातवारे करून बोलले, आपल्या भागाला विमानतळ कसा हवा ते बोलले, आणि खाली बसले. ज्या गावांना एसटी धड येत नाही तिथं विमान! सेंटरचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. एप्रिलात सेंटरला कुलूप लागलं. संघपाल सराची नोकरी गेली, व्यायाम सुटून पुष्पीच्या टाचा पुन्हा जमिनीवरून उचलल्या गेल्या, आणि पोरगी पुन्हा भुईवर आली.

हेही सुवर्णानं गिळलं असतं. गरिबाच्या तोंडाला पानं पुसली जातात, नवं काय त्यात? पण उत्तमरावांच्या वाढदिवसाला गावच्या चौकात भलामोठा फ्लेक्स लागला. 'दिव्यांगांचा आधारवड.' वर उत्तमरावांचं डोकं, मिशा, फेटा, आणि मांडीवर हसणारी पुष्पी. कडेवरच्या पुष्पीनं बोट दाखवून विचारलं, "आई, मी तिथं. मंग सेंटर काऊन बंद?" त्या दिवशी सुवर्णाच्या पोटात जो जाळ पेटला तो विझला नाही. तिनं तो विझू दिलाही नाही.

आता ती पुरणाचे हात तसेच घेऊन सासऱ्यांपुढे उभी राहिली. शेषराव बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत होते. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा झडती म्हणणारा नव्हता. पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे राहिले की मोठ्यानं जुळवून म्हणायची ही टोमणेबाज कवनं. त्यात सावकारापासून सरपंचापर्यंत कोणाचीही सालटी काढायला मुभा. शेवटी 'एक नमन गौरा पार्वती' आलं की सगळ्या गावानं 'हर हर महादेव' गर्जायचं.

"मामाजी, आज साहेबावर झडती म्हना," सुवर्णा म्हणाली.

शेषरावांचा हात थांबला. "पाहुन्यावर? नाही जमत, सूनबाई. आपल्या गावचा रिवाज मोठा खराब हाय. ज्याच्यावर झडती पडली त्यानं झडतीनंच जवाब द्याव. नाही आला, तं बैलाच्या पाठीवर हात ठेऊन शब्द द्याव. तोवर तोरन तुटत नाही, अन् पोळा फुटत नाही. त्या मानसाले काय झडती येते? बेइज्जती होईन त्याची."

"तेच तं पाह्यजे मले."

"असं बोलू नोको. पाहुना देवासारखा."

"देव लेकराच्या फोटोवर मिरवत नाही, मामाजी."

शेषराव पुन्हा हिंगूळ लावू लागले, हो म्हणाले नाहीत. सुवर्णानंही पुन्हा विचारलं नाही. तिला दुसरी गोष्ट आठवली होती. नवरा गोपाल ट्रक घेऊन लांब गेलेला. जोडीतला एक बैल सासरे धरणार, दुसरा कोण? आणि गावचा नियम असा, की ज्याच्या हातात बैलाचं दावं, त्याला झडतीचा मान. त्यात बाई चालत नाही असं कोणी म्हणून ठेवलं नव्हतं, कारण कोणाला तसं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जोड्या रांगेनं उभ्या राहिल्या. उत्तमराव आले, पेढ्यांचे पुडे आले, माइक आला. सुवर्णा डोक्यावर पदर घेऊन बैलाचं दावं धरून उभी होती. दोघातिघांनी वळून पाहिलं, पण गोपाल गावात नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. उत्तमरावांच्या माणसानं त्यांच्या कौतुकाची एक गुळमट झडती म्हटली. लोकांनी महादेवाचं नाव घेतलं, पण चहात साखर कमी पडल्यासारखं. मग शेषरावांनी पावसावर एक म्हटली. आणि ते थांबतात तोच सुवर्णाचा आवाज चढला.

"चाक रे चाक, बंडीचं चाक,
पोरीच्या फोटोनं साहेबाचं नाक!
पोरगी सरपटे भुईवर,
साहेब बोले विमानावर!
सेंटरले लागलं टाळं मोठं,
दिल्लीत साहेबाचं तोंड होतं कोठं?
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

आता गंमत अशी, की पुढारी माणसाला घोषणा पुरी ऐकायची सवय नसते. शेवट आला की हात वर, एवढंच ठाऊक. उत्तमरावांनी माइकसमोर दोन्ही हात उंचावून सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्यानं, "हर हर महादेव!" ठोकलं. मग आपण कशाला दाद दिली ते त्यांच्या ध्यानात आलं. हात वरच राहिले. तेवढ्यात रांगेतून एक म्हातारा पहाडी आवाज आला, "हर हर महादेव!" तो शेषरावांचा होता. त्याच्यामागून सगळं गाव गरजलं, बैल बिचकले, घुंगरं वाजली. सुवर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही.

"माझ्या माता-भगिनींनो," उत्तमराव घसा खाकरत म्हणाले, "त्याचं असं हाय, निधी केंद्राचा, अंमलबजावणी राज्याची..."

"भाषन नोको, झडती म्हना!" मागून कोणी ओरडलं.

"जवाब द्या, नाही तं तोरन तुटत नाही!"

उत्तमरावांनी प्रयत्न केला. "पोळा रे पोळा..." म्हणाले, आणि घोडं तिथंच पेंड खायला लागलं. घाम फेट्यातून कानावर उतरला. रांगेतले बैल खूर आपटत होते, आणि ज्या गावात ते हार घालून घ्यायला आले होते ते गाव त्यांच्याकडे बघत नुसतं उभं होतं. सुवर्णानं आपला बैल दोन पावलं पुढे घेतला.

"ठेवा हात," ती म्हणाली.

त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. बैलानं कातडी थरथरवली. "येत्या अधिवेशनात बोलतो," ते पुटपुटले.

"काय बोलसान? मांगं बी बोललेच होते तुम्ही. म्हना माह्या मांगं. अपंग लेकरांच्या सेंटरचा दिल्लीचा पैसा..."

"अपंग लेकरांच्या सेंटरचा दिल्लीचा पैसा..."

"बंद करू नये. मुदत वाढवावी."

शाळेत अंगठे धरून उभ्या केलेल्या पोरासारखं उत्तमरावांनी ते सगळं म्हटलं, आणि माइक चालूच होता. गावातल्या प्रत्येक मोबाइलनं ते टिपलं. मग तोरण तुटलं. पेढे तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी उत्तमरावांच्या माणसांनी चौकातला फ्लेक्स ओढून नाल्याकाठी फेकला. सुवर्णा तो घरी घेऊन आली. असा फ्लेक्स गावात कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगावर टाकतात, पण तिचा बेत निराळा होता. तिनं कात्रीनं पुष्पीचा फोटो कापून काढला, भिंतीला लावला आणि उरलेला उत्तमराव ओसरीभर अंथरला. रविवारी संघपाल सर पोरीला बघायला आला. खाली नजर जाताच त्यानं तोंडावर हात धरला.

"सर, पायाले खूण लागते म्हनत होते न तुम्ही?" सुवर्णा म्हणाली. "पाहा, कशा मोठमोठ्या खुना हायेत."

तेव्हापासून रोज सकाळी व्यायाम सुरू झाला. "हनुवटीवर पाय. आता मिशीवर. आता नाकावर, दाबून ठेव बाई, टाच टेकव." पुष्पी सरानं आणलेला वॉकर धरून पाय टाकायची आणि खुदकन हसायची. शेषराव आधी "अवं, मानूस हाय तो" म्हणत. नंतर तेही ओसरीच्या कडेला बसून सांगू लागले, "डोया राह्यला, पुष्पे."

हिवाळ्यात उत्तमराव संसदेत उठले. बैलाची पाठ विसरली नसावी, कारण शिकवलेलं वाक्य त्यांनी शब्दाशब्दाला म्हटलं. दिल्लीनं मुदत वाढवली, पण फक्त एका वर्षाची. सेंटरचं कुलूप निघालं, संघपाल सर परत आला, आणि 'भाऊसाहेबांच्या प्रयत्नांना यश' असा समारंभही ठरला. मंचावर पुष्पी पाहिजे, असा खास निरोप आला. सुवर्णा म्हणाली, "येतो ना आम्ही. काऊन नाही?"

मंचावर लाल गालिचा होता. एका टोकाला पुष्पी वॉकर धरून, दुसऱ्या टोकाला उत्तमराव हात पसरून. "ये बेटा, चालत ये माह्याकडे," असं म्हणत त्यांनी माइक तिच्या तोंडापुढे धरायला लावला. पुष्पी गालिच्याकडे बघत राहिली. कोरा, लालभडक. तिनं आईला शोधलं.

"आई," ती ओढत म्हणाली, आणि कर्ण्यातून सगळ्या मैदानानं ऐकलं, "साहेबाचं तोंड काऊन नाही टाकलं खाली? मी पाय कुठं ठेऊ?"

मग कुठूनतरी हसू फुटलं, दाबलं गेलं, पुन्हा फुटलं. उत्तमरावांचे पसरलेले हात तसेच राहिले. सुवर्णा खाली पहिल्या रांगेत उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "आज साहेब स्वतःच हायेत न, बाई. त्याइच्या नाकाकडं पाह्य, अन् चाल."

पुष्पीनं मान वर केली. नाकावर नजर रोखली. एक पाय टाकला, टाच टेकवली, मग दुसरा. सगळ्या लोकांसमोर उत्तमरावांना ती पोचेपर्यंत तसंच उभं राहावं लागलं, नाक जागच्या जागी ठेवून.

घरी आल्यावर सुवर्णानं फ्लेक्स ओल्या फडक्यानं पुसला, गुंडाळला आणि आढ्याला बांधून ठेवला. मुदत एकाच वर्षाची होती.