शिंगावरची सतरा घरं

या, बसा. मी एका बैलाचं शिंग बोलतोय. 'या, बसा' ही बोलायची रीत काही माझी नव्हे. इंग्लंडातल्या वेम्बलीच्या एका दुकानात चार वर्षं काचेच्या कपाटात होतो, तिथल्या मालकाची लागली. दारात गिऱ्हाईक दिसलं की उदयराव आधी त्याला बसवायचे, मग काय हवंय ते विचारायचे. मीही तेच करतो. फरक एवढाच, की मला काही विकायचं नाही. मला एक गोष्ट कबूल करायची आहे.

माझा जन्म अमेरिकेतला, जवळजवळ अडीचशे वर्षांपूर्वीचा. नांगराला जुंपलेला माझा बैल एका हिवाळ्यात मेला आणि मी जोनास रीड नावाच्या पोराच्या हाती आलो. वय वीसच्या आत, नुकताच शिपाई झालेला. त्यानं मला उकळलं, आतून खरवडलं, रुंद तोंडाला लाकडी झाकण ठोकलं आणि निमुळत्या टोकाला बूच बसवलं. बंदुकीची दारू कोरडी राहावी म्हणून तेव्हाचे शिपाई असं शिंग खांद्याला अडकवत. मग त्यानं चाकूच्या टोकानं, जीभ दातात धरून, माझ्यावर आपलं नाव कोरलं. एक अक्षर उलटं पडलं. ते बघून तो स्वतःच हसला होता.

त्या दिवसांत गोऱ्या वसाहतींची सरहद्द पुढे पुढे सरकत होती. सरकत होती म्हणजे काय, आम्ही सरकवत होतो. ओहायो नदी ओलांडून आमची तुकडी शॉनी या तिथल्या मूळ लोकांच्या गावांत शिरली. गावं रिकामी होती, माणसं जंगलात निघून गेली होती. शेतात मका उभा होता. हुकूम होता, सगळं जाळा.

दोन दिवस पाऊस लागला होता. झाडांच्या सालींची छपरं भिजली होती, पेटेनात. तेव्हा जोनासनं माझं बूच काढलं आणि छपरावर थोडी थोडी दारू शिंपडली. एका घरात चुलीवरचं भांडं अजून गरम होतं. माझ्यातल्या दारूनं त्या मोहिमेत एकही माणूस मारला नाही. घरं मात्र जाळली. जळालेल्या प्रत्येक घरामागे जोनास माझ्यावर एक इवलंसं घर कोरायचा, छपरावर धुराची रेघ काढायचा. सतरा घरं झाली.

पुढचं थोडक्यात सांगतो. जोनास गेला, त्याची पोरं गेली, मी विकला गेलो, बोटीनं इंग्लंडात आलो. कुणी मला फुंकून वाजवायला बघितलं, कुणी माझ्यात पेन्सिली ठेवल्या. शेवटी रविवारच्या एका कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात, गंजलेल्या इस्त्रीच्या शेजारी, उदयरावांनी मला उचललं.

उदयराव मूळचे मिरजेचे. शाळा अर्धवट, पण वस्तू हातात घेतली की तिचं वय सांगणार. आधी त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. काउंटरवर नाव घालायचं मशीन होतं. लग्नाचं भांडं असो की बारशाचा वाडगा, कर्रर्र आवाज करत टिंबाटिंबांनी नाव घालून मिळायचं. पुढे त्यांनी जुन्या वस्तू ठेवायला सुरुवात केली, पण मशीन काही काढलं नाही. एका मडमेनं तांब्या नेला आणि छत्र्या ठेवायला तोंड लहान पडतं म्हणून परत आणला, ही गोष्ट ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगत. वर म्हणत, "मी तिला पिंपच देणार होतो, पण नाव घालायला जागा फार." मी कपाटात बसून ती शंभरदा ऐकली, आणि शंभरदा आवडली.

मग त्यांच्या मुलीचं, मंजिरीचं, टॉमशी लग्न ठरलं. टॉमचे वडील रॉबर्ट प्रॅट नॉटिंगहॅमचे, निवृत्त शिक्षक. त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात ओहायोहून शिपाई म्हणून आले आणि इथल्या मुलीशी लग्न करून राहिले. रॉबर्टना नाद एकच, पूर्वजांचा. पहिल्याच भेटीत त्यांनी एलायजा प्रॅट या सरहद्दीवर लढलेल्या पूर्वजाबद्दल चहा गार होईपर्यंत सांगितलं.

उदयरावांपुढे प्रश्न पडला, व्याह्यांना मान म्हणून काय द्यायचं?

"शाल-श्रीफळ द्या आणि मोकळे व्हा," त्यांच्या पत्नी सुचेताबाई म्हणाल्या.

"त्या माणसाला शालीचं काय कौतुक, सुचेता? नारळ तर ते फोडायचे नाहीत, शोकेसमध्ये ठेवतील." असं म्हणत ते माझ्यासमोर येऊन थांबले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पॉलिश पेपरनं घासलं. जोनासचं नाव दहा मिनिटांत गेलं, घरं तेवढी राहिली. त्यांनी ते वाचलंसुद्धा नाही. मग कर्रर्र. नाव घातल्याशिवाय वस्तू द्यायची, याची त्या हातांना सवयच नव्हती. वरून कडक चहाचं पाणी चोळलं. एलायजा प्रॅट हे नाव तासाभरात दोनशे वर्षं जुनं झालं.

"हे खोटं नाही का हो?" सुचेताबाईंनी विचारलं.

"खोटं कसलं? त्यांचा पूर्वज होता, लढाई होती, शिंगही खरं आहे. मी फक्त तिघांची गाठ घालून दिली."

लग्नात रॉबर्टनी मला दोन्ही हातांत धरलं आणि नावावरून अंगठा फिरवला. उदयराव खुशीत सुचेताबाईंकडे बघत होते. मग रॉबर्ट म्हणाले, "माझ्या वडिलांनी हे बघायला हवं होतं." उदयरावांचं हसू तिथेच थोडं अडखळलं.

नऊ वर्षं मी नॉटिंगहॅमला फायरप्लेसवर होतो. रॉबर्ट पाहुण्यांना सांगायचे, "ही सतरा घरं एलायजानं राखली." आणि उदयराव त्या घरी गेले, की माझ्याकडे पाठ करून बसायचे. सुचेताबाई एकदा म्हणाल्याही, "अहो, त्या खुर्चीत ऊन येतंय, इकडे बसा." ते हलले नाहीत.

गेल्या मार्चमध्ये रॉबर्टच्या वाचनात एलायजाच्याच तुकडीतल्या एका शिपायाची डायरी आली. आपल्या तुकडीतले शिपाई शॉनींची जाळलेली घरं धुराच्या रेघेसकट शिंगावर कोरून मोजत, असं तिच्यात सरळ लिहिलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी पाहुण्यांना सांगणं बंद केलं आणि माझं तोंड भिंतीकडे फिरवलं. ऐंशीच्या घरातला माणूस. जेवण कमी झालं, अंगातला कार्डिगन लोंबायला लागला.

मेमध्ये एका रविवारी सगळे रॉबर्टकडे जेवायला जमले. मंजिरी-टॉम मेडनहेडहून, उदयराव-सुचेताबाई वेम्बलीहून. रॉबर्टनी एक पत्र वाचून दाखवलं. ते मला शॉनी लोकांच्या वंशजांकडे परत पाठवणार होते. "माझ्या पूर्वजानं तुमची सतरा घरं जाळली. ही त्याच्या हातची नोंद. आमच्या कुटुंबातर्फे मी क्षमा मागतो."

कुणी जेवेना. पत्र ऐकता ऐकता मंजिरीनं मला उचललं. ती दातांची डॉक्टर, बारीक बघायची सवय. इंग्लंडातच वाढलेली, मराठी बोलताना 'तो-ती-ते' अजून चुकायचं. तिनं मला खिडकीशी नेलं, एलायजाच्या नावावर नख फिरवलं आणि म्हणाली, "बाबा, जरा किचनमध्ये येता?"

किचनमध्ये रॅकवर तिच्या रुखवतातला स्टीलचा डबा धुऊन पालथा घातला होता, ती त्यातून लाडू घेऊन आली होती. तिनं मला त्याच्याशेजारी ठेवलं. डब्यावर टिंबाटिंबांनी 'मंजिरी आणि टॉम', माझ्यावर टिंबाटिंबांनी 'एलायजा प्रॅट'.

"हा आपला मशीन आहे ना?"

उदयराव फडक्यानं डबा पुसायला लागले.

"बाबा, मी तुमच्याशी बोलते आहे. हे तुम्ही केला?"

"त्यांना आनंद व्हावा म्हणून, मंजू. तुझ्या सासरी आपली मान..."

"ते आता सॉरी म्हणतायत, बाबा. दुसऱ्या कुणाच्या तरी पापासाठी. झोपत पण नाहीत. टॉम म्हणतो रोज तो एक लेटर परत परत लिहितात."

"मी सांगितलं तर तुझ्या घरात तुला काय म्हणतील?"

"ते माझं बघू. तुम्ही आता जा. प्लीज."

उदयराव मला घेऊन बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला 'बसा' म्हटलं नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. मशीन, पॉलिश पेपर, चहाचं पाणी, सगळं.

"म्हणजे ही घरं एलायजानं जाळली नाहीत?" रॉबर्टनी विचारलं.

"नाही. हे शिंग दुसऱ्याचं."

रॉबर्टनी डोळे मिटले. त्यांचे खांदे खाली आले. दोन महिन्यांत प्रथमच त्या चेहऱ्यावर थोडी धुगधुगी दिसली. मग त्यांनी डोळे उघडले. "दुसऱ्या कुणाचं?"

"माहीत नाही," उदयराव म्हणाले. "घासून काढलं. वाचलं नव्हतं."

मी तिथेच होतो. मला नाव पाठ होतं, उलट्या अक्षरासकट. पण शिंगाला कोण विचारतो?

रॉबर्ट उठले आणि फाइलमधून एक कागद घेऊन आले. डायरीवाल्या तुकडीची यादी होती. चौथ्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. एलायजा प्रॅट.

"तोही तिथेच होता, उदय. त्याचं शिंग हरवलं, एवढंच." त्यांनी कागद घडी करून फाइलमध्ये ठेवला. "तुम्ही सांगितलंत तेव्हा मला एकदम बरं वाटलं. मिनिटभर. ते बरं वाटणं काही मला आवडलं नाही."

"मला माफ करा, रॉबर्ट."

"मला फसवलंत, त्याचा राग यायला वेळ लागेल. येईल, पण." त्यांनी पत्रातलं 'त्याच्या हातची नोंद' हे वाक्य खोडलं, वर लिहिलं, 'त्याच्या तुकडीतल्या कुणाची तरी', आणि पेन उदयरावांपुढे सरकवलं. "खाली तुमचं वाक्य तुम्ही लिहा."

जन्मभर बोलण्यावर दुकान चालवलेला माणूस पेन धरून बसून राहिला. सुचेताबाईंनी त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास आणून ठेवला. शेवटी त्यांनी लिहिलं, "यावरचं पहिलं नाव मी पुसलं. ते मी वाचलं नाही." खाली सही केली.

आता मी खोक्यात आहे, चुरगळलेल्या कागदांत. मंगळवारी कुरिअरवाला येईल. तिकडे मला कुणी हातात घेईल की नाही, माहीत नाही. नाही घेतलं, तरी माझी तक्रार नाही.

सगळे आपापलं कबूल करून बसले, माझं राहिलं होतं, ते तुम्हाला सांगितलं. हुकूम वरून आला, हात जोनासचा होता, पण ओलं छप्पर पेटलं ते माझ्यातल्या दारूनं. बूच काढून बघा, वास अजून आहे.

एवढंच मागतो. मला कुठे ठेवलंत तर नाव खाली गेलं तरी चालेल. घरं वर येतील असं ठेवा.